देवघराची गरम फरशी

अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या आमच्या जुन्या घरात आई भर हिवाळ्यातही अनवाणीच पूजेला बसायची. देवासमोर मोजे चालत नाहीत, हा तिचा नियम. मग ती पाट ओढून जमिनीतल्या हीटिंगच्या जाळीजवळ न्यायची आणि गरम वाऱ्याने निरांजन विझलं की बाबांवर चिडायची. तिचे गुडघे गेले, म्हणून बाबांनी बिनजिन्याचं घर बांधायचं ठरवलं. त्यात तिने एकच गोष्ट मागितली, देवघराची फरशी खालून गरम होणारी हवी.

"देवांना थंडी वाजते का?" बाबांनी विचारलं होतं.

"देवांना नाही, मला वाजते."

बांधकाम सुरू होण्याआधीच आई गेली. महिन्याभराने डिझायनर बाई नव्या घराचा नकाशा घेऊन आमच्या डायनिंग टेबलाशी बसल्या. देवघराच्या छोट्या खोलीचं कपड्यांचं क्लोजेट करायचं का, असं त्यांनी हळूच विचारलं. बाबांनी होकारार्थी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "मला कुठे पूजा येते? तिथे बसणार कोण?"

अशा वेळी मी सहसा बोलत नाही. पण जाळीजवळ आईचा पाट अजून तसाच होता.

"मी बसेन."

"तुला तरी काय येतं?"

"काही नाही. नुसती बसेन."

बाबांनी नकाशातल्या त्या खोलीवरून बोट फिरवलं. "सॉक्स काढावे लागतील," ते म्हणाले. मग ती खोली आहे तशीच राहू दे, हे बाईंना मीच इंग्रजीत सांगितलं.