कुत्रीचं डोहाळजेवण

आमच्या कुत्रीला हिंदी कळत नसे. झाशीत हे अप्रूपच. खंडेराव गेटच्या आमच्या गल्लीत मराठी समजणारी तोवर आम्ही तिघंच उरलो होतो: बाबा, मी आणि ती. आईनं तिला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं होतं आणि ‘ये’, ‘बस’, ‘दे’, ‘पुरे’ एवढे शब्द शिकवले होते. आई गेली, शब्द राहिले. शेजारी कोणी “आ जा, आ जा” करत बिस्कीट दाखवलं, की ती मान फिरवून बसे. बाबांना त्याचा कोण अभिमान! लखनौहून भावाची मुलं फोनवर “दादाजी, नमस्ते” म्हणायची, तेव्हा बाबांचा चेहरा उतरायचा. फोन ठेवून ते कुत्रीला हाक मारायचे. ती आली की मला म्हणायचे, “बघ, हिला कळतं.”

ती उतारवयाला लागली तेव्हा बाबांनी ठरवलं, हिच्या पोटचं एक पिल्लू घरात राहिलंच पाहिजे.

“हिच्यामागे मराठी ऐकणारं कोणीतरी हवं गं,” ते म्हणाले.

“मी आहे ना बाबा.”

“तू ऐकतेस कुठे?”



बाबांची सगळी नोकरी स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली होती. कुठलीही गाडी किती वाजता येणार ते सांगता येतंच, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून कुत्री माजावर आली आणि गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की नुसता रक्तस्राव बघून दिवस ठरवू नका, ती चाटून साफ करते, सुरुवात कधी झाली ते कळतच नाही, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासा, तेव्हा बाबा खुलले. आकडा मिळणार होता. डॉक्टरांनी एवढंही बजावलं होतं, की एका तपासणीवर भागत नाही. आकडा चढतो कधी ते बघायला एक दिवसाआड रक्त द्यावं लागेल.

गावात कुत्र्यांची लॅब कुठली असायला! माणसांच्याच लॅबमध्ये गेलो. लॅबवाला म्हणाला, “बाबूजी, कुत्ते का खून?” बाबा म्हणाले, “खून तो खून है, भैया.” त्यानं नाक मुरडत घेतलं. पहिला आकडा अगदी खाली आला. पुढचं रक्त दिलं आणि दिवाळी आली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. लॅब बंद, नमुना ग्वाल्हेरला गेला म्हणे. निकाल हातात पडला तेव्हा आकडा भलताच वर चढलेला होता.

“ये चढ़ तो गया,” डॉक्टर म्हणाले, “पर कब चढ़ा, ये इससे पता नहीं चलता. आज ही ले जाइए.”

मोठ नावाच्या गावातल्या एका आडत्याकडे नर होता. आम्ही भाड्याच्या गाडीनं कानपूर रस्त्याला लागलो. कुत्री मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून थरथरत होती. आडत्याच्या गोदामामागे, मोहरीच्या पोत्यांच्या आडोशाला, जे व्हायचं ते झालं. बाबांनी लाजून पाठ फिरवली होती. परतताना मात्र ते सारखं मागे वळून बघत होते आणि ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगत होते.

महिनाभरानं बाबांनी मला न विचारता तिला परत लॅबमध्ये नेलं. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर हातावर पेढा ठेवला. कागदावर माणसांचेच तक्ते छापलेले होते, आणि कुत्रीचा आकडा ‘गर्भवती’च्या रकान्यात बरोबर बसत होता.

मी डॉक्टरांना फोन लावला.  ते म्हणाले, “बाबूजी को समझाइए. कुतिया में ये हार्मोन भरी हो या ख़ाली, दोनों में इतना ही रहता है. इससे बस इतना पता चलता है कि गाड़ी छूटी थी. सवारी बैठी कि नहीं, ये नहीं.” सोनोग्राफी करा, म्हणाले, पण तीही ग्वाल्हेरला.

“या दिवसांत एवढा प्रवास?” बाबा माझ्यावरच खेकसले. “आकडा आहे ना समोर!”

 एवढी वर्षं ते असे उजळलेले मी पाहिले नव्हते. तो दिवा माझ्या हातानं विझवायचा मला धीर झाला नाही.

मग त्यांनी डोहाळजेवण काढलं. आई गावातल्या प्रत्येक मराठी लेकी-सुनेचं करायची, मग हिचं का नको? दूरदूरच्या मोहल्ल्यांतून सहा-सात म्हाताऱ्या आल्या. एक काकू माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “बाजारात तुरी नि भट भटणीला मारी.” पण हसत हसत त्यांनीच कुत्रीच्या गळ्यात हिरवा खण बांधला, पुढ्यात तांदूळ आणि शेंडीचा नारळ ठेवून ओटी भरली. गाणी म्हटली. त्या दुपारी आमच्या घरात जेवढं मराठी बोललं गेलं तेवढं आई गेल्यानंतर कधीच बोललं गेलं नव्हतं. बाबा दारात उभे राहून ऐकत होते.

कुत्रीचे आचळ भरले. तिनं आईच्या जुन्या गोधडीचं अंथरूण उकरून गोल केलं. दूधसुद्धा आलं. बाबांनी पिल्लासाठी टोपली आणली. दिवस भरले, उलटले, तरी पोट सपाटच. मग एका सकाळी पाहिलं तर ओटीतला नारळ तिनं देवघरासमोरून उचलून गोधडीत नेला होता. त्याच्याभोवती अंग वळवून ती त्याची शेंडी चाटत होती. मी जवळ गेले तर गुरगुरली. आयुष्यात पहिल्यांदा.

डॉक्टर घरी आले. पोट चाचपून त्यांनी मान हलवली. काहीच नव्हतं, कधीच नव्हतं. “वो नारियल हटा दीजिए,” ते म्हणाले, “तभी दूध सूखेगा.” आणि या वयात पुन्हा प्रयत्न नको, हेही सांगून गेले.

बाबा गुडघे धरत तिच्याजवळ जमिनीवर बसले. ती गुरगुरली. त्यांनी हात पुढे केला आणि आई म्हणायची तसंच हळू म्हणाले, “दे.”

ती गुरगुरायची थांबली. त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं नारळ तोंडात उचलला आणि त्यांच्या तळहातावर आणून ठेवला.

बाबांनी आजवर तिला शाबासकी दिली नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, आणि ती शेपटी हलवत वाट बघत राहिली.