डोंग्यासोबत आलेला माणूस

नाल्याला पूर आला होता आणि पलीकडच्या गावात एक बाई बाळंतपणात अडली होती. मी आरोग्य केंद्रातली नर्स. सावली गावाजवळच्या एका ढिवराचा, मासेमारी करणाऱ्याचा, लहानसा डोंगा, म्हणजे होडी, जीपच्या टपावर बांधून, त्यालाही सोबत घेऊन आम्ही निघालो.

वाटेत एका माणसानं हात दाखवून गाडी थांबवली.

"बाई, समोरून बांधला नाई का? हवेनं उचलून राह्यला नं!"

त्यानं डोंग्याचं पुढचं टोक बंपरला आवळलं, उरलेली दोरी मुठीत धरली आणि खिडकीशी बसला. त्याला जवळच, त्याच्या गावी उतरायचं होतं. खड्डा आला की तो दोरी ताणायचा, मान बाहेर काढून वर बघायचा.

"भाऊ, तुमचं गाव गेलं की!" मी म्हटलं.

"जाऊ द्या. गाव कुठी पळते? पयले डोंगा पोचू द्या."

ढिवरानं मला डोंग्यातून पलीकडे नेलं. तिथं दुपारी मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाळाची आजी मला काठापर्यंत सोडायला आली आणि पाया पडायला वाकली. मी तिला धरलं, अलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. दोरी धरून आलेला तो माणूस अजून तिथंच उभा होता.

आजीनं तिकडे वळून हात जोडले. मीही जोडले.