वल्हं नसलेला नावाडी

ह्वे शहराच्या खाली, नदीकाठच्या आमच्या गावात कप फुटला की बायका तो फेकत नाहीत. "न्यानआत्याला नेऊन दे," म्हणतात. न्यानच्या अंगणात फुटक्या वाट्या, कान तुटलेल्या किटल्या, बाटल्यांची बुडं यांनी टोपल्या भरलेल्या असतात. त्यांतून ती देवळांवरचे ड्रॅगन घडवते. वाडग्याचा बाक तसाच राखून तुकडा पकडीनं कापते. त्याचं खवलं होतं. वडिलांचं हे काम तिनं लग्न न करता पुढं चालवलं. तिची एक अट आहे. धड भांडं फोडून आणलेलं ती घेत नाही. आपलं भांडं देवळावर जावं म्हणून एका सावकारानं चांगली फुलदाणी फोडून आणली, तेव्हा तिनं ती टोपलीसकट परत पाठवली.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी सकाळी तिचे तुकडे रंगाप्रमाणे निवडून देतो. तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाच्या, आधी ग्रामदेवतेच्या देवळासमोरच्या आडभिंतीवरचा ड्रॅगन पुरा करायचा होता. सकाळी पूजा, आणि आदल्या दुपारी त्याच्या तोंडापुढचा मोती अजून रिकामाच होता. मोत्याला वाडग्याचा गोल तळ लागतो. मनासारखा मिळत नव्हता.

तेवढ्यात लाय आली. किएमआजीची सून, डोंगराकडची मुलगी, लग्नाला तीन वर्षं झालेली. ड्रॅगनच्या गळ्याकडे पाहताच तिचा चेहरा उतरला.

"आत्या, ते निळे तुकडे काढा. आत्ताच्या आत्ता."

"का गं? कालच टोपलीत सापडले. सगळ्या गळ्यात तेच उठून दिसतायत."

"मीच टाकले होते, तुम्ही जेवायला गेलात तेव्हा."

न्याननं वाकून पाहिलं, मीही पाहिलं. निळ्या पाण्यात होडी, होडीत नावाडी, आणि नावाड्याच्या हातात वल्हंच नाही. रंगवणारा विसरला होता. किएमआजीच्या नवऱ्याचं हे वाडगं. "भात माझा खातो आणि काम काही करत नाही," असं तो नावाड्याला म्हणायचा. तो गेल्यावर आजी त्याच वाडग्यात त्याचा भात देव्हाऱ्यावर ठेवायची.

"देव्हारा पुसताना वाडगं सुटलं हो हातातून. 'आणखी एक भांडं फुटलं तर माहेरी जायचं,' असं सांगून आई लेकीकडे गेल्यात. उद्या येतील."

"आणि लपवायला तुला ही भिंत सापडली?" न्यान हताशपणे म्हणाली. "अगं, उद्या गावातली प्रत्येक बाई इथं आपलं भांडं शोधणार. कुणाची वाटी कुठं लागली, हे बघायलाच तर येतात सगळ्या!"

लाय म्हणाली, "मला वाटलं, भिंतीत गेलं म्हणजे संपलं."

"चुना धरलाय. आता उपटले तर अख्खा गळा खाली येईल. मी आपणहून बोलणार नाही, पोरी. पण मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

लाय निघून गेली.

सकाळी उदबत्त्या लागल्या आणि बायका भिंतीला भिडल्या. "ही बघ आमची सूप प्यायची वाटी! मांजरानं पाडलेली!" "तुमचं मांजर की तुमचे मालक?" हशा झाला. लाय मागं उभी होती, हात पाठीशी दडवून.

किएमआजी बसमधून उतरून पिशवीसकट थेट देवळात आली. शेपटीपासून एकेक खवल्यावर बोट ठेवत पुढं सरकू लागली. न्यान चुना कालवत राहिली, गरज नसताना. बोट पाठीवरून मानेकडं आलं आणि गळ्याशी थांबलं.

बराच वेळ ते हललं नाही.

"न्यान, हा नावाडी तुला कुणी दिला?"

न्याननं थापी खाली ठेवली. तिनं तोंड उघडण्याआधीच मागून आवाज आला, "मी, आई. देव्हारा पुसताना वाडगं सुटलं. सांगायचं धाडस झालं नाही."

आजीनं वळून पाहिलं नाही. नावाड्यावर बोट तसंच ठेवून तिनं विचारलं, "तळ कुठाय?"

"तांदळाच्या रांजणात. त्याच्यावर बाबांची खूण होती, म्हणून टाकवला नाही."

"जा, घेऊन ये."

लाय जागची हलेना. "आणि मग... सामान बांधू?"

"आधी तळ आण म्हटलं ना! आणि पळू नकोस, तेवढा तरी धड येऊ दे!"

कुणीतरी हसलं. लाय तळ घेऊन येईपर्यंत आजीचं बोट नावाड्यावरून उठलं नाही. पुजारी खोळंबला. न्याननं मोत्याच्या जागी चुना भरला, तळ त्यावर दाबला आणि आजीकडं पाहिलं. चुना धरेपर्यंत तळ हातानं दाबून ठेवावा लागतो, आणि वाडगं तिच्या नवऱ्याचं, म्हणून तो मान आजीचाच होता.

आजी पुढं झाली नाही. ती पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "तिला धरू दे."

"माझ्या हातून पडेल, आई."

"मग पाडू नकोस."

लायनं दोन्ही हात भिंतीला टेकले. चुन्याचा ओघळ कोपरापर्यंत आला, तरी तिनं पुसला नाही. ऊन चढलं. आजीनं डोक्यावरची टोपी काढून शेजारणीकडं दिली आणि हनुवटीनं सुनेकडं खूण केली.

शेवटी न्याननं हळूच तिची बोटं सोडवली. मोती जागच्या जागी राहिला.

"चल," आजी उठत म्हणाली, "घरी भात टाकायचाय. देव्हाऱ्यावर त्यांच्यासाठी दुसरं वाडगं तूच निवड."