खोडलेलं रीडिंग

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा मी विषय बदलेन. मी एका मुलीला तिचं बरोबर आलेलं उत्तर तिच्याच हातानं खोडायला लावलं. चूक माझी होती, म्हणून.

मी मूळचा पाचोऱ्याकडचा. शिंदखेडा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला लागलो त्याला सव्वीस वर्षं झाली. बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेची एक रीत मला इथे आल्या आल्या शिकवण्यात आली. सरांनी द्रावणं बनवायची, कागदावर हिशेब करून रीडिंग काढायचं आणि ते लॅबमधल्या शिपायाला सांगायचं. शिपाई टेबलाटेबलावरून फिरतो. मुलं ब्युरेट, म्हणजे आकडे कोरलेली काचेची उभी नळी, भरतात, तोटी सोडतात, आणि वहीत तीन वेळा केल्याच्या तिन्ही ओळींत तोच आकडा लिहितात. बाहेरून आलेला परीक्षक चहा पितो, सही करतो. सगळ्यांना मार्क. यात कुणाचं काही जातं असं मला वाटायचं नाही.

ती मुलगी बारावीला होती त्या वर्षी परमँगनेटचं टायट्रेशन होतं. ब्युरेटमध्ये गडद जांभळं परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये गरम केलेलं ऑक्झॅलिक आम्ल. थेंब थेंब सोडत जायचं. पडलेला थेंब विरघळून रंगहीन होतो, पुढचाही होतो, आणि एका थेंबाला फिकट गुलाबी छटा येते ती जात नाही. तिथे थांबायचं आणि ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. एवढंच. पण त्या एका थेंबासाठी श्वास धरावा लागतो, आणि रीडिंग आधीच माहीत असलं की कोण कशाला धरेल?

परमँगनेट मी सकाळी घाईत बनवलं. माझ्या हिशेबानं रीडिंग नऊ पॉइंट आठ यायला हवं होतं. स्वतः एकदा करून बघायचं, ते बघितलं नाही. शिपायाला सगळे नाना म्हणायचे. नाना टेबलांवरून फिरत सगळ्यांना अहिराणीत पुटपुटले, "नऊ पॉइंट आठ शे. बठ्ठास्नी लिखी टाका."

शेवटच्या टेबलावर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली मुलगी होती. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. नाना माझ्याकडे आले, म्हणाले, "सर, ती पोर आइकी नही राह्यनी. म्हने मना आकडा येगळा शे."

मी गेलो. ती डाव्या हातानं तोटी धरून पुन्हा थेंब सोडत होती; गुलाबी छटा आली तसा हात थांबला. तिच्या वहीत तीन रीडिंगं होती. अकरा पॉइंट तीन, अकरा पॉइंट दोन, अकरा पॉइंट तीन.

"हे काय?"

"सर, एवढंच येतंय. चार वेळा केलं."

"सगळ्यांचं नऊ पॉइंट आठ आलंय."

ती म्हणाली, "सर, सगळ्यांनी केलंय का?"

मागून कुणीतरी खिदळलं. परीक्षक मान वर करून बघत होते. मला तेव्हा जे वाटलं ते लिहितो. मला तिचा राग आला. ती चुकली म्हणून नव्हे. तिनं खरंच प्रयोग केला म्हणून.

"खोड ते. नऊ पॉइंट आठ लिही."

तिनं पेन घेतलं. पट्टी लावून तिन्ही आकड्यांवर एकेक सरळ रेघ मारली, आणि बाजूला मी सांगितलेला आकडा लिहिला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परीक्षा संपल्यावर नानांनी परमँगनेटची मोठी बाटली धुवायला घेतली आणि मला हाक मारली. तळाशी न विरघळलेले खडे बसले होते. परमँगनेट इतकं गडद असतं की तळ दिसत नाही. नीट ढवळावं लागतं, मी ढवळलं नव्हतं. वरचं द्रावण पातळ झालं होतं, म्हणून ते जास्त लागत होतं. नाना खड्यांकडे बघत म्हणाले, "सर, पोर खरी व्हती मंग." मी म्हणालो, "धुवून टाका." त्यांनी धुतली. मोरीतून बराच वेळ जांभळं पाणी जात राहिलं.

परीक्षक गावातच होते. वही माझ्या कपाटात होती. मी काहीही करू शकलो असतो. केलं काही नाही. मार्क तर तिला पूर्ण मिळाले, मग नुकसान काय झालं, अशी स्वतःची समजूत मी पुढे कितीतरी वर्षं घातली. घरात बायकोलाही बोललो नाही.

गेल्या वर्षी कॉलेजच्या बोअरच्या पाण्यानं काचेच्या भांड्यांवर पांढरे थर बसायला लागले. कॅन भरून मी धुळ्याला पाणी तपासायच्या लॅबमध्ये नेला. ॲप्रन घातलेल्या बाईंनी कॅन घेतला, नाव लिहिलं, आणि म्हणाल्या, "बसा सर." मी त्यांना ओळखलं नव्हतं. त्यांनी पिपेटनं पाणी घेतलं, चिमूटभर काळी पूड टाकली, पाणी लालसर झालं. मग ब्युरेटची तोटी डाव्या हातात धरून थेंब सोडायला लागल्या. पाणी निळं झालं तसा हात थांबला. तो थांबलेला हात मी ओळखला.

तीन वेळा करून त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "सर, चौदा पॉइंट दोन, चौदा पॉइंट तीन, चौदा पॉइंट दोन. चालतील? का खोडू?"

मी म्हणालो, "त्या दिवशी तुझं बरोबर होतं. बाटलीत खडे राहिले होते."

"मला माहीत होतं."

"खड्यांचं?"

"खड्यांचं नाही. माझं बरोबर होतं ते." ब्युरेट धुता धुता ती बोलत होती. "आधी वाटलं, केमिस्ट्री सोडून द्यावी. मग वाटलं, सोडायला ती काय सरांची आहे?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला नका सांगू सर. आता तुमच्या लॅबमध्ये जी पोरं आहेत त्यांना सांगा." आणि पुढच्या माणसाचा कॅन घेतला.

जुलैत मी बारावीच्या वर्गाला हे सगळं सांगितलं, खड्यांसकट. म्हणालो, यंदा रीडिंग कुणी सांगणार नाही. आजपासून हात बसवा. मग वर्षभर दर आठवड्याला ब्युरेट भरायला लावली. प्राचार्यांनी बोलावलं.

"रिझल्ट खाली आला तर?"

"येऊ द्या."

"तुम्ही एकटेच हरिश्चंद्र आहात का?"

"नाही. मी पंचवीस वर्षं खोटं बोलत होतो, ते बंद करतोय."

म्हणाले, लेखी द्या. दिलं. चार ओळींत दिलं, उरलेलं इथे लिहितोय. सहकारी जेवताना माझ्या टेबलावर बसत नाहीत. नका बसू.

परीक्षेच्या सकाळी मी, शेजारच्याचं बघून लिहिता येऊ नये म्हणून, वेगवेगळ्या तीव्रतेच्या तीन बाटल्या बनवल्या, ढवळून ढवळून हात दुखले. तिन्ही स्वतः टायट्रेट केल्या आणि आकडे पाकिटात बंद करून खिशात ठेवले. बाहेरचे परीक्षक आले, खुर्चीत बसले, हळूच म्हणाले, "सर, रीडिंग काय ठेवलंय?"

"ठेवलेलं नाही. येईल ते."

त्यांचा चहा निवला. लॅबमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. थेंबांकडे बघणाऱ्या माणसांची शांतता. मधेच एका मुलीनं हात वर केला. रडवेली झाली होती.

"सर, माझं दहा पॉइंट सात येतंय. हिचं नऊ पॉइंट एक आहे. कुणाचं लिहू?"

"तू कुणाचं केलंस?"

"माझं."

"मग तुझं लिही."

तिनं लिहिलं. मी तिथेच उभा राहिलो, शाई वाळेपर्यंत.