इंग्रजी तपासून दिलेला अहवाल

बाळांनो, आमच्या गल्लीत वायुदलातून निवृत्त झालेले एक वैमानिक राहतात. विमान उडवणं सुटल्यावर ते कारखान्यांतल्या अपघातांची कारणं शोधणारे तज्ज्ञ झाले. स्कूटर काढण्याआधीही तिच्याभोवती फेरी मारून टायर, ब्रेक, दिवा असं मोठ्याने म्हणत तपासायचे. फळवाले चाचा विचारायचे, "साहेब, इमान कवा उडतंय?" ते म्हणायचे, "चाचा, माणूस चुकणारच. मशीननं त्याला सांभाळून घ्यावं."

या हिवाळ्यात आमच्या धुणेवालीच्या लेकीचा हात कापसाच्या जिनिंग कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात सापडून तुटला. पट्ट्यावरची संरक्षक जाळी मालकानेच काढून ठेवली होती. अहवाल या वैमानिकांनीच लिहिला आणि मी इंग्रजीची शिक्षिका, म्हणून नेहमीसारखा इंग्रजी तपासायला माझ्याकडे आणला. अपघाताचं कारण लिहिलं होतं, कामगाराचा निष्काळजीपणा.

"आणि जाळी?" मी विचारलं.

"मालकाला ते नकोय, ताई. तुम्ही फक्त इंग्रजी बघा."

मी दोन शब्द सुधारून कागद परत दिला. त्या दिवशी त्यांनी फेरी न मारताच स्कूटर काढली.

दुसऱ्या दिवशी धुणेवालीने विचारलं, "बाई, सायबांनी काय लिवलंय? तुमी वाचलंय म्हनं."

मी म्हटलं, "अवघड इंग्रजी होतं गं, मला कळलं नाही."