उजवीकडे किचन, डावीकडे बाल्कनी

हे बघा, हसायचं नाही अशी अट घालून काही उपयोग नाही, तुम्ही हसणारच. आमच्या मानसीने हा किस्सा इतक्या वेळा सांगितलाय की शारजात न ऐकलेला मराठी माणूस आता शोधावा लागेल. पण बायको सांगते ती तिच्या बाजूने. आज चहा तुम्ही पाजताय, तर एकदा माझ्या तोंडून ऐका, की हेमंत टिपणीस नावाच्या शहाण्याने आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घेतला!

सगळं सुरू झालं इंग्लंडपासून. आता तुम्ही म्हणाल, तू राहतोस शारजाच्या अल नहदात, नोकरी दुबईत, माहेर... म्हणजे गाव नाशिक, तुझा इंग्लंडशी संबंध काय? संबंध म्हणजे कॉलिन. आमच्या लॉजिस्टिक्स कंपनीतला माझा ब्रिटिश मॅनेजर. हा माणूस सकाळी कॉफी घेऊन बसला की त्याच्या देशाचं राजकारण सांगत सुटायचा. आज हा मंत्री गेला, उद्या ती आली, परवा पंतप्रधानांच्या ऑफिसातला मोठा अधिकारीच बदलला. मी आधी साहेब म्हणून मान डोलवायचो. मग हळूहळू मलाच चटक लागली हो! ऑफिसातून आलो की फोनवर त्यांची पार्लमेंट लावून बसायचो.

आणि काय मजा असते! पंतप्रधानांच्या घराच्या त्या काळ्या दाराबाहेर पत्रकार उभे. मंत्री गाडीतून उतरला की ओरडतात, "राजीनामा देणार का?" तो हसून आत जातो. पंतप्रधान म्हणतात, माझा यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. की समजायचं, खलास! दोन दिवसांत हा घरी. आणि मतदान? बटण नाही, चिठ्ठी नाही. बाजूने असाल तर उजवीकडच्या खोलीत चालत जा, विरोधात असाल तर डावीकडच्या. घंटा वाजते, दारं बंद होतात, माणसं मोजतात. आपल्याच पक्षाचे लोक बिनदिक्कत दुसऱ्या खोलीत जाऊन उभे राहतात!

मी इथेच थांबलो असतो तर आज तुम्हाला बिस्किटं बुडवत बसायला दुसरा विषय शोधावा लागला असता. पण मी पडलो अध्यक्ष.

आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी घरांचं गणपती मंडळ आहे. कार्यक्रम दुबईत भाड्याच्या हॉलमध्ये. चार वर्षं मीच अध्यक्ष, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. त्या वर्षी मात्र खुर्चीला मोल आलं होतं. आई पहिल्यांदाच येणार होती. नाशिकच्या सोसायटीत तिने झाडून सगळ्यांना सांगून ठेवलेलं, "आमचा हेमंत दुबईच्या गणपतीचा अध्यक्ष आहे, पहिली आरती त्याच्या हातची असते." शारजा म्हटलेलं तिला पटत नाही, तिच्या लेखी विमान उतरतं ती दुबई. तिने त्या आरतीसाठी पैठणी काढली होती. खोटं कशाला बोलू, मलाही आईसमोर ताट हातात घेऊन उभं राहायचं होतं. चांगला सत्तेचाळीस वर्षांचा घोडा मी, पण त्या कल्पनेनेच छाती फुगायची.

तर अशा वेळी माणसाने गप्प बसावं की नाही? मी केलं रीशफल, म्हणजे खातेबदल!

डेकोरेशनचे रेगे, पेशाने इंटिरियर डिझायनर, त्यांना टाकलं प्रसादाला. जोशी वहिनी, ज्यांचे मोदक खायला लोक अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतून गाडी काढून येतात, त्यांना दिली साउंड सिस्टम. का? कॉलिन म्हणाला होता, लोक एका खात्यात फार दिवस राहिले की सुस्त होतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर नवी कॅबिनेट जाहीर केली. खाली अंगठे येतील म्हणून वाट बघत बसलो. एक आला. तो माझाच, चुकून लागलेला.

मग प्रेसचा दबाव सुरू झाला. आमचा प्रेस म्हणजे कोण? माझीच मुलगी सई, वय वर्षं चौदा, मंडळाचं इन्स्टाग्राम सांभाळते. मी भाजी घेऊन येतोय, तर ही लिफ्टपाशी मोबाइल रोखून उभी!

"बाबा, डू यू स्टिल हॅव फुल कॉन्फिडन्स इन रेगे अंकल?"

हातात दुधी भोपळा. मी तसाच थांबलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "माझा रेगेंवर पूर्ण विश्वास आहे."

आता चार महिने मीच सगळ्यांना चहाच्या वेळी शिकवत होतो ना, पूर्ण विश्वास म्हणजे काय ते! व्हिडिओ बघून रेगेंचा फोन. "साहेब, सरळ सांगा ना काढायचं असेल तर! मोदकाला पाऱ्या कशा पाडतात मला काय ठाऊक? गेल्या रविवारी मी सहा केले, सगळे समोशासारखे दिसत होते!"

जोशी वहिनींनी तर ग्रुपवर माइकचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "हे उकडायचं की तळायचं?"

मी घाबरलो का? छे! मला वाटलं, वा, आता खरी मजा. कॉलिनला म्हटलं, "बंडाळी झालीय. मी राजीनामा देतो, मतदान घेतो, लोक तो नाकारतील आणि मी दुप्पट ताकदीने परत येईन."

कॉलिन कॉफी ढवळायचा थांबला. "हेमंत, माणसं मोजल्याशिवाय मतदान कधी घेऊ नकोस. आमच्याकडे भलेभले गेलेत यात."

"कॉलिन, हबीबी," मी म्हणालो, "तुला आमची माणसं माहीत नाहीत. आमच्याकडे आग्रह नावाची गोष्ट असते."

आता तुम्हीच सांगा, चूक होतं का माझं? आपल्यात साधी जिलबी कोणी पहिल्या झटक्यात घेतं का? नको नको म्हणायचं, ताटावर हात आडवा धरायचा, वाढणाऱ्याने हाताच्या फटीतून वाढायचं. राजीनाम्याचंही तेच! मंडळाचा अध्यक्ष राजीनामा देतो तो मंजूर करायला देतो का? लोकांनी "अहो साहेब, असं कसं" म्हणावं, कोणी खांदा दाबावा, कोणाचा तरी आवाज जड व्हावा, मग आपण म्हणायचं, "बरं, तुमच्या आग्रहाखातर." पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. मी तर भाषणसुद्धा पाठ केलं होतं.

शनिवारी दुपारी आमच्या घरी मीटिंग ठेवली. ऑगस्ट महिना. बाहेर म्हणजे नुसती भट्टी! हॉलमध्ये सतरंजीवर वीसएक माणसं. मानसी किचनमध्ये बटाटेवडे तळायला उभी. मी राजीनामा वाचला. दोन ठिकाणी थांबलो, कोणी "नको" म्हणेल म्हणून. कोणी म्हणालं नाही. सगळे किचनच्या दिशेने वास घेत होते.

"आता ब्रिटिश पद्धतीने मतदान," मी जाहीर केलं. "राजीनामा मंजूर करावा असं वाटतं, त्यांनी माझ्या उजवीकडे जायचं. नामंजूर करावा, त्यांनी डावीकडे. सई पहिली घंटा देईल तेव्हा निघायचं. दुसरी घंटा होईल तेव्हा जो ज्या खोलीत उभा, ते त्याचं मत. मग बदल नाही."

रेगेंनी माझ्या उजवीकडे पाहिलं. तिकडे किचन. मग डावीकडे पाहिलं. तिकडे बाल्कनी.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "जरा उलटं करू या का? नाही, म्हणजे बाहेर ऊन..."

"रेगे! शेकडो वर्षांची परंपरा आहे! बाजूने म्हणजे उजवीकडेच!"

"हेमंत, ऐक ना त्यांचं," आतून मानसी ओरडली. "बाल्कनीत टॉवेल वाळत घातलेत, जागा तरी कुठे आहे?"

"मॅडम, सभागृहात मध्ये बोलू नका!"

असं मी म्हणालो. माझ्या बायकोला. तिच्या हातात झारा असताना.

विषय माझाच असल्यामुळे मतदान बघणं बरं दिसत नाही, म्हणून मी बेडरूममध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. सईने आरतीची घंटा वाजवली. मी आरशासमोर उभा राहून "तुमच्या आग्रहाखातर" म्हणून बघतोय, एकदा हसून, एकदा जरा डोळे भरून. तेवढ्यात धडाधड आवाज! बाल्कनीच्या काचेवर कोणीतरी मुठी आपटत होतं. मनात म्हटलं, अरे बापरे, काय हे प्रेम! बाल्कनी ओसंडून वाहतेय, माणसांना आत रेटावं लागतंय. मी भरल्या गळ्याने बाहेर आलो.

हॉल रिकामा. चिटपाखरू नाही.

उन्हासाठी ओढलेला बाल्कनीचा पडदा बाजूला केला, तर काचेपलीकडे एकटे सावंत! कुडाळचे सावंत, साइटवर फोरमन आहेत, आमच्या आरतीला पखवाज वाजवतात. घामाने निथळत होते. मी दार उघडलं आणि त्यांना मिठीच मारली.

"सावंत! तुम्ही एकटे उभे राहिलात माझ्यासाठी!"

"खय उभो रवलंय!" सावंत धापा टाकत म्हणाले. "बायकोचो फोन इलो म्हणान भायर गेलंय, तर कोणीतरी एसी भायर जाता म्हणान कडी घातल्यान! पाणी खय आसा?"

आणि ते तडक किचनमध्ये. मी त्यांच्या मागे. काय दृश्य हो! आमचं किचन केवढं, तुम्ही बघितलंय. त्यात अख्खं मंडळ. कोणी ओट्याला टेकून, कोणी फ्रीजला पाठ लावून, प्रत्येकाच्या हातात वडा. जोशी वहिनी चटणी वाढतायत.

"अहो, तुम्ही सगळे इथे?" माझा आवाज चिरकला. "सगळ्यांना मी नकोय?"

"छे हो साहेब!" रेगे तोंडातला घास सांभाळत म्हणाले. "तुमच्याशिवाय मंडळ कसं चालेल? मला वाटलं बाकीचे आहेत ना बाल्कनीत. माझ्या एकट्याच्या मताने काय फरक पडतोय!"

"मलापण तेच वाटलं!" "मीपण म्हटलं, गरम आहेत तोवर खाऊन जाऊ." चारी बाजूंनी तेच. अहो, मनापासून सांगत होते बिचारे! कोणाच्या मनात काडीचा राग नाही, आणि खोलीत एकसुद्धा माणूस माझ्या बाजूने नाही.

मला खरंच गलबलून आलं. आई, पैठणी, आरतीचं ताट, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मानसीने माझा चेहरा बघितला. तिला दया आली असावी, तिने एक गरमागरम वडा माझ्या हातात ठेवला. मी सवयीने चावा घेतला.

आणि दाराशी टण्‌टण्‌टण्‌! सई, एका हातात घंटा, दुसऱ्या हातात मोबाइल.

"टाइम्स अप! दॅट्स द सेकंड बेल. एव्हरीवन इन द किचन इज अ येस."

"सई, थांब, मी चाललोय बाल्कनीत..."

"बाबा, यू मेड द रूल. नो चेंजेस." आणि तिने बोट रोखून डोकी मोजायला सुरुवात केली. सावंत पाण्याच्या बाटलीसकट मोजले गेले. मानसी झाऱ्यासकट. शेवटचं बोट माझ्यावर.

"युनॅनिमस!"

किचनमध्ये जो हशा उसळला! मीही हसलो, काय करणार? तोंडात वडा होता म्हणून निम्माच हसलो. कोणीतरी म्हणालं, परत घेऊ मतदान. पण चार महिने मीच सांगत आलो होतो ना, सभागृहाचा निर्णय म्हणजे निर्णय!

"मग आता अध्यक्ष कोण?" जोशी वहिनींनी विचारलं.

"मानसी वहिनी!" रेगे म्हणाले. "निदान मला डेकोरेशन तरी परत मिळेल."

"छे छे, मी नाही हं," मानसी म्हणाली.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच किचनमध्ये, त्या लोकांनी तिला आग्रह केला. "अहो वहिनी, असं कसं!" "तुम्ही नाही म्हणायचंच नाही!" जोशी वहिनींनी खांदा दाबला. सावंतांचा आवाज जड झाला, तो तिखट चटणीने झाला असेल, पण झाला. माझ्यासाठी चार वर्षांत जेवढा झाला नसेल तेवढा आग्रह पाच मिनिटांत तिच्या वाट्याला! शेवटी ती म्हणाली, "बरं, तुमच्या आग्रहाखातर." माझं वाक्य! जसंच्या तसं!

संध्याकाळी आईचा फोन आला. सुनेने तिला आधीच सांगितलं होतं, आणि आई सुनेवर खूश होती. पहिली आरती घरातच राहिली म्हणून पैठणीही फुकट जाणार नव्हती. पण पोराचं काय झालं, ते तिला कळेना.

"काय रे हेमंत, राजीनामा दिलास आणि त्यांनी घेतला? कोणी नको म्हणालं नाही?"

"नाही ग. एकमताने मंजूर झाला."

"एकमताने! म्हणजे तुझ्या बाजूने एकसुद्धा मत नाही?" आईचा आवाज कापला. "अरे, लोकांचं सोड. निदान तुझं स्वतःचं मत कुठे गेलं होतं?"

आता काय सांगणार त्या माउलीला?

"ते पण किचनमध्येच होतं, आई," म्हटलं. "वडा खात."