वरची बांगडी

रिसोडात अमीनाबीला ओळखत नाही असा माणूस एकतर काल-परवाच गावात आलेला असतो, नाहीतर त्याच्या घरात बाई नसते. डोक्यावर बांगड्यांची टोपली, तोंडात पान आणि त्या तोंडाला लगाम म्हणून नाही. सोयाबीनच्या दिवसांत बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांची ही भली मोठी रांग लागते. अमीनाबी त्या रांगेतूनही वाट काढते आणि वर ड्रायव्हरांनाच दम देते, "अबे, तुमचं सोयाबीन सांडलं तं भरता येते, माह्या बांगड्या फुटल्या तं काय चिकटवू का? सरका!" आणि सरकतात बिचारे. न सरकून जातील कुठे?

तिच्या धंद्यातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. बाईचे दोन्ही हात भरून झाले की बांगडीवाली शेवटी एक बांगडी आपल्याकडून घालते. तिला वरची बांगडी म्हणतात. तिचे पैसे नसतात, ती दुआ असते. ती घालताना अमीनाबी म्हणते, "भरल्या हातानं राह्य," आणि बाई तिच्या पाया पडते. बाई पाटलांची असो की तांड्यातली, अमीनाबी मुसलमान आहे हे तेव्हा कुणाच्या मनातही येत नाही. तिच्या सासूनं हेच केलं, सासूच्या सासूनंही हेच केलं.

तिचा नवरा चांद अकोल्याहून माल आणायचा. माणूस शांत, इतका की दोघांच्या वाटचं बोलणं अमीनाबीलाच करावं लागे. एक दिवस दुपारी काचेच्या पेट्या उतरवता उतरवता तो छाती धरून खाली बसला. शेजाऱ्यांनी जीप केली. वाशीमला न्यायचं ठरलं. अमीनाबीनं त्याचा हात हातात धरला होता आणि सारखं म्हणत होती, "आलं, आता आलं." वाटेत रिठदजवळ तो हात गार पडला. वाशीम अजून पुढेच होतं.

जन्मभर दुसऱ्यांचे हात हातात घेणाऱ्या बाईला स्वतःच्या माणसाचा हात धरून ठेवता आला नाही, याचा तिला फार राग आला. रडण्याआधी रागच आला. आणि राग आला की अमीनाबी गप्प बसत नाही, हे सगळ्या रिसोडाला माहीत आहे.

गावात एक लोकवर्गणीचा दवाखाना आहे. लोकांनी बांधला, लोकांच्या देणग्यांवर चालतो. तिथला डॉक्टर हसनैन तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो; त्याला तिनं लहानपणी कडेवर घेतलेलं. इद्दत, म्हणजे विधवेनं घरात काढायचे चार महिने, संपल्यावर ती पहिली त्याच्याकडेच गेली आणि सरळ विचारलं, "मले खरं सांग बेटा. चांद वाचला असता का?"

हसनैननं खोटं सांगितलं नाही. "खाला, इथेच मशीनवर हृदयाची पट्टी काढता आली असती आणि रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन लगेच मिळालं असतं, तर वाचायची आशा होती. आता आपण इथे हृदयाच्या पेशंटसाठी खोली करतोय. मशीन व्यापाऱ्यांनी दिलं, खाटा मास्तर लोकांनी दिल्या. अडलंय ते इंजेक्शनपाशी. फार महाग आहे ते. एक कायम फ्रिजमध्ये पाहिजे. पेशंट आला की आधी द्यायचं, मग तू कोण, कुठला, ते विचारायचं. आणि ते वापरलं गेलं की लगेच दुसरं आणून ठेवायचं."

"म्हंजे रस्त्यावरच्या माठासारखं," अमीनाबी म्हणाली. "एकानं पेलं की दुसऱ्यानं भराचं."

"अगदी तसंच."

"मंग तो माठ मी भरीन."

बोलून तर बसली! पण भरायचा म्हणजे मागायचं, आणि मागायची तिला सवय नव्हती. मोलभाव करणारी बाई ती. घेतलं तर माल देऊन घेतलं, फुकट कुणापुढे हात पसरला नाही. मग तिनं एक शक्कल काढली. वरच्या बांगडीचे पैसे घ्यायचे आणि ते दवाखान्यात भरायचे. मागितल्यासारखंही नाही आणि काम तर होतंय. गावातल्या बायकांनी कुरकुर केली, पण दिले.

दिवाळी झाली. रिठदच्या अलीकडे माळावर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथली जवान माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि जायच्या आधी बाया हात भरून घेतात. अमीनाबीचा हा मोठा दिवस. पहिला मान रामीबाईचा. तांड्यातली सगळ्यांत जुनी बाई, मनगटापासून पार दंडापर्यंत बांगड्या, आणि जीभ अमीनाबीच्या तोडीस तोड. दोघींची भांडणं ऐकायला पोरंसोरं गोळा होत, इतक्या त्या मैत्रिणी.

त्या दिवशी वरची बांगडी चढवून अमीनाबी म्हणाली, "हिचे पैसे अलग. दवाखान्यासाठी हायेत."

रामीबाई पाया पडायला वाकली होती, ती तशीच थांबली. "वरच्या बांगडीचे पैसे?"

"चांगल्या कामाले हायेत व."

"कामाचं नाई विचारून राह्यली मी. दुआ कवापासून इकाले काढली तू?"

तिनं ती बांगडी उतरवली आणि टोपलीत ठेवली. आपटली असती तर बरं, नीट ठेवली. मागे बसलेल्या बायांनीही पुढे केलेले हात मागे घेतले. अमीनाबीनं टोपली उचलली आणि तरातरा निघाली. "मरा तिकडं! छातीत कळ निघंन तवा समजंन!" असंही काहीबाही बोलली. हे शेवटचं बोलायला नको होतं.

एसटीत बसल्यावर तिचा राग उतरला आणि लाज चढली. रामीबाईचं बरोबर होतं, हे तिला रिसोड यायच्या आत कळलं होतं. मागायची लाज वाटली म्हणून आपण दुआच्या आड लपलो. पण कळतं ते वळतं थोडंच! परत जाऊन 'चुकली' म्हणायचं तोंड तिला झालं नाही. तांड्याची वाटच तिनं सोडली.

मात्र दुसऱ्या दिवसापासून वरची बांगडी पुन्हा फुकट झाली. आणि अमीनाबीनं पदर पसरला, उघडउघड, भर बाजारात. जुम्म्याला मशिदीच्या गल्लीत, लग्नाच्या मांडवात, भाजीवाल्यांच्या पालांपुढे. पहिल्या दिवशी तिनं मान खाली घालूनच पदर धरला. आठवड्याभरात मान वर झाली आणि जुनी जीभ परत आली. कापडवाला शालिग्राम म्हणाला, "पुढच्या महिन्यात पाहू," तर ही दुकानाच्या पायरीवरच बसली. "शालिग्रामशेट, तुमच्या छातीत काय सोन्याची वीट हाय? तिथंबी काळीजच हाय ना? ते काय पुढच्या महिन्याची वाट पाहीन?" गिऱ्हाईकं हसायला लागली. शेटही हसला आणि त्यानं दिलं. बरंच दिलं. कुणी तुरीची पायली आणून ओतली, कुणी मुलाच्या बारशाचा खर्च आवरून दिला. एक म्हातारा शिंपी म्हणाला, "माह्याजवळ पैसे नाईत, खोलीचे पडदे शिवून देतो," आणि दिले शिवून. आजही तिथे तेच पडदे आहेत.

उन्हाळा लागला तसं इंजेक्शन आलं. खोली सुरू झाली. अमीनाबी दवाखान्यावरून गेली की खिडकीतून विचारायची, "रीता, हाय का?" रीता सिस्टर फ्रिजचं दार उघडून तो खोका दाखवायची. मगच ही पुढे जायची. देवळात डोकावून जातात ना लोक, तसं.

एक दिवस सकाळी रीता धावत तिच्या दारात आली. "खाला, चला. तांड्याची बाई आहे. छातीत दुखतंय, घामानं ओली झालीये, आणि बांगड्यांना हात लावू देत नाही."

अमीनाबीनं नाव विचारलं नाही. चपला घालायचीही ती विसरली.

रामीबाई खाटेवर होती. चेहरा राखेसारखा, पण दोन्ही हात छातीशी घट्ट बांधलेले. तिचा नवरा मदनसिंग भिंतीला टेकून उभा होता. तांड्यात ती पित्त म्हणून सोडा पीत बसलेली, त्यानंच जबरदस्तीनं जीपमध्ये घातली होती. "मी जिता असताना हात उघडे नाई करत म्हणते," तो म्हणाला. "मी सांगून सांगून थकलो."

हसनैनचा आवाज घाईचा होता. "खाला, बोटभर जागा नाही हातावर. मशीनचे चिमटे बसवू कुठे? पट्टी नीट निघाल्याशिवाय मी इंजेक्शन देऊ शकत नाही. आणि कापायच्या म्हटलं तर ही आम्हाला जवळ येऊ देत नाही."

अमीनाबी खाटेजवळ गेली. रामीबाईनं तिला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माह्याकडे नको पाहू," अमीनाबी म्हणाली. "चुकली मी. दुआ इकाले निघाली होती, अन् वरून शिव्या देऊन आली. मले पदरात घे नाईतर नको घेऊ. पण हात दे."

रामीबाईनं हात आणखी आवळले.

"ह्या माह्या हातानं भरल्या, माह्याच हातानं उतरतीन. एकबी वाढू देणार नाई, तडा जाऊ देणार नाई. उतरवली ते फुटली होत नाई, हे मी तुले सांगाव का?" तिनं आपल्या पदराच्या काठाचा दोरा दातानं तोडला, त्याचे दोन तुकडे केले. "जुन्या उतरवून नव्या भरताना हात रिकामा राहू नये म्हणून आपण काय करतो? दोरा बांधतो. हा दोरा हाय तवरक तुहा हात उघडा नाई."

रामीबाईनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मदनसिंग भिंत सोडून खाटेजवळ आला. मग तो म्हणाला, "मी हावो ना इथंच. कुठं जाऊन राह्यलो मी?"

तिनं हात दिला.

अमीनाबीनं दोन्ही मनगटांना दोरा बांधला, तेल चोपडलं आणि बांगड्या उतरवायला लागली. घाई सगळ्यांना होती, पण घाई केली तर काच फुटणार. तिची बोटं मात्र अशी चालली की जणू त्यांना स्वतःचे डोळे आहेत. मदनसिंगनं डोक्याचं पागोटं सोडून पुढे धरलं आणि बांगड्या त्यात पडत गेल्या. एकही वाढली नाही. चिमटे बसले, पट्टी निघाली. हसनैननं ती एकदा पाहिली आणि रीताकडे हात केला. रीतानं फ्रिज उघडला.

मदनसिंगला कुणी काही विचारलं नाही. कागद नाही, जामीन नाही. आधी इंजेक्शन गेलं.

अमीनाबी बाहेर पायरीवर बसली. तिला चांद आठवत होता, दुसरं काही सुचत नव्हतं. बऱ्याच वेळानं हसनैन बाहेर आला आणि म्हणाला, "कळ थांबली. पट्टी सुधारतेय." तेव्हा ती उठली, आत गेली आणि आधी फ्रिजचं दार उघडून पाहिलं. खण रिकामा होता. तिला आनंदही झाला आणि धडकीही भरली.

पुढच्या उपचाराला रामीबाईला अकोल्याला नेलं. काही दिवसांनी ती देखरेखीसाठी परत रिसोडच्याच खाटेवर आली. एव्हाना ऊसतोडीची माणसं तांड्यावर परतली होती. तांड्यातल्या बाया खाटेभोवती नुसत्या दाटीवाटीनं बसल्या होत्या, रीता ओरडून ओरडून दमली. त्यातच अमीनाबी टोपली घेऊन आली. पागोट्यातल्या त्याच बांगड्या तिनं एकेक करून भरल्या. दंडापर्यंत भरून झाल्यावर दोरे तोडले आणि टोपली झाकायला लागली.

"वरची?" रामीबाईनं विचारलं.

अमीनाबीनं एक हिरवी काढली, चढवली. "भरल्या हातानं राह्य," ती म्हणाली. रामीबाईला वाकता येत नव्हतं. तिनं अमीनाबीचा हात ओढून आपल्या कपाळाला लावला.

अमीनाबी उठली. दारापर्यंत गेली.

"थांब व," मागून आवाज आला. "फ्रिज रिकामा हाय म्हणते रीता. मंग मांगत काहून नाई?"

"तुह्याजवळ कशी मांगू? तू खाटेवर..."

"तवा बांगडीच्या आडून मांगत होती, आता तोंड हाय तं मुकी झाली. पसर पदर!"

अमीनाबीनं पदर पसरला. रामीबाईनं गळ्यातल्या रुपयांच्या माळेत बोटं घातली आणि एक चांदीचा जुना रुपया ओढून काढला. तिच्या मायनं मानोऱ्याहून सासरी पाठवताना घातलेली माळ होती ती. रुपया पदरात पडला. मग तिनं बायांकडे नुसतं पाहिलं. ऊसतोडीहून आलेल्या बायांनी कमरेच्या पिशव्या सोडल्या. एकेक येऊन पदरात पैसे टाकून गेली.

"अजून गोळी-औषध तुले लागन," अमीनाबी म्हणाली. "रुपया राहू दे."

"तो माह्यासाठी नाई," रामीबाई म्हणाली. "रिठदच्या रस्त्यानं पुढं जो येईन त्याच्यासाठी हाय. त्याले वाशीमपर्यंत न्याचं काम पडू नये."

चांदनं कुठे जीव सोडला ते रामीबाईला माहीत होतं. त्याची जीप तांड्याच्या माळाखालूनच गेली होती. अमीनाबी तिथेच उभ्याउभ्या रडली, चांद गेल्यापासून पहिल्यांदा इतकी मोकळी. मग पदराची गाठ मारली, नाक पुसलं, आणि टोपली तिथेच ठेवून हसनैनच्या खोलीकडे निघाली. गाठ जड होती, तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती.